एका मांडवात तीन वऱ्हाडं

(सुरांचे सवाल-जबाब)

गेल्या अंकात मी ऑपेरा, बाल्कन ब्रास आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचं क्लेझ्मर एकत्र करून नाटकी कॅबरे सादर करणाऱ्या बँडांविषयी लिहिलं होतं. रंगवलेले चेहरे, जुन्या टोप्या, ऑपेराची तालीम झालेली एक गायिका, अकॉर्डियन, क्लॅरिनेट, चेलो, मोठा ढोल आणि दोन गाण्यांच्या मधे चाललेलं छोटंसं नाटक, असा तो मामला. अमेरिका-युरोपात असे ताफे बरेच आहेत. त्यावर पत्रं आली. नारायण पेठेत राहून संगीत नाटकांना पायपेटीची साथ करणाऱ्या बाईला ही बाल्कनची उठाठेव कशाला, असंही एकांनी विचारलंय. त्या पत्राला उत्तर नाही. बाकीच्यांना देते.

सवाल: ताई, तुमचा लेख वाचून यूट्यूबवर असे दोन-तीन बँड ऐकले. बाई ऑपेराचा गळा काढते, मागे वरातीसारखी वाजंत्री, मधेच कोणीतरी विनोद करतो. याला कडबोळं म्हणू नये तर काय म्हणावं? अभिजात ते अभिजात, लोकसंगीत ते लोकसंगीत. (एक निवृत्त प्राध्यापक, कोथरूड)

जबाब: सर, कडबोळं तर आहेच. फक्त ते आजच्या पोरांनी वळलेलं नाही.

रुमानियात याश नावाचं शहर आहे. 1876 साली तिथल्या एका वाइनच्या बागेत आब्राहाम गोल्डफाडेन नावाच्या कवीनं यिद्दिश भाषेतली पहिली धंदेवाईक नाटक मंडळी उभी केली. यिद्दिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरची भाषा. त्याच्या संगीतिकांमध्ये सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातल्या) प्रार्थनांच्या चाली, लग्नातली गाणी, आसपासची लोकगीतं आणि ऑपेरातून उचललेले तुकडे शेजारीशेजारी बसले. समोर प्रेक्षक पेला घेऊन बसलेला. म्हणजे तुम्हाला यूट्यूबवर खटकलं ते सगळं तिथे हजर होतं.

आता चार वर्षं पुढे सरका आणि आपल्या गावात या. 31 ऑक्टोबर 1880, आनंदोद्भव नाट्यगृह, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक. पारशी मंडळींचा ऑपेरा बघून त्यांना ही कल्पना सुचली, हे आपण शाळेपासून वाचतोय. त्यात साकी होती, दिंडी होती, कीर्तनातल्या, लावणीच्या आणि कानडी मुलखातून आलेल्या चाली होत्या. पुढे 1911 च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरीच्या वळणाच्या चाली आणल्या. 1916 च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी आणल्या. साथीला विलायती पायपेटी आणि उत्तरेतला तबला. गोल्डफाडेन आणि अण्णासाहेब, दोघांनाही रात्री थिएटर भरायचं होतं, आणि हाती लागेल ती चांगली चाल दोघांनी घेतली. आज त्यातल्या एकाला आपण सोवळ्यात ठेवलंय आणि दुसऱ्याला कडबोळं म्हणतोय.

बाल्कन आणि क्लेझ्मर यांचं लग्न तर त्याहून जुनं. रुमानिया-मोल्दोवाकडच्या मोल्दाविया आणि बेसाराबिया या भागांत ज्यू वादक आणि रोमा वादक (ज्यांना जग 'जिप्सी' म्हणून हिणवत आलं) एकमेकांच्या ताफ्यात वाजवत असत. क्लेझ्मरमधला 'बुल्गार' हा सगळ्यात लोकप्रिय नाच त्याच मुलखातला. तेव्हा ते दोन प्रकार आजच्या बँडनं जोडले असं म्हणता येणार नाही, ते जोडलेलेच मिळाले.

आणि कॅबरे? कुर्ट वाइल हा संगीतकार म्हणजे जर्मनीतल्या डेसाऊ गावातल्या सिनेगॉगच्या मुख्य गायकाचा मुलगा. 1928 साली बर्लिनमध्ये नाटककार ब्रेख्तबरोबर त्यानं 'थ्रीपेनी ऑपेरा' हे नाटक केलं, त्यात ऑपेराची टर होती, कॅबरेची गाणी होती, जाझ वाजवणारा लहानसा ताफा होता आणि पात्रं सगळी चोर-भिकारी. त्याचं मूळ आणखी दोनशे वर्षं मागे, 1728 च्या लंडनमध्ये. तेच नाटक पु. ल. देशपांड्यांच्या लेखणीतून 'तीन पैशाचा तमाशा' होऊन 1978 मध्ये आपल्या थिएटर अकॅडमीनं उभं केलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि गायला नंदू भेंड्यांसारखा रॉकमध्ये मुरलेला गळा. तुम्ही पुण्याचे, त्या काळात तरुण असाल. पाहिलं असणार, आणि आवडलंही असणार. तेव्हा भेसळीची तक्रार केली होती का?

मात्र एका बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. असे बँड बरेच झाले आणि त्यातले निम्मे मला ऐकवत नाहीत. मिशा चिकटवायच्या, अकॉर्डियन छातीवर घ्यायचं, प्रत्येक गाणं शेवटी दुप्पट लयीत न्यायचं आणि 'हेय' म्हणून ओरडायचं. माझी परीक्षा साधी आहे. गाणं कोण म्हणतंय आणि आत्ताच का म्हणतंय? गायिका कुणीतरी झालेली असेल, समजा कर्जबाजारी विधवा किंवा दुसऱ्याच्या नावावर जगणारा ठग, तर तिनं ऑपेराच्या उंच सुरातून एकदम बाजारातल्या आवाजात उतरणं पटतं, कारण त्या क्षणी तिचं सोंग गळून पडतं. नुसत्या पोशाखासाठी तीच उडी मारली की ती जाहिरात वाटते. एका मांडवात तीन वऱ्हाडं उतरवायची तर यजमान खमक्या लागतो. इथे यजमान नाटक आहे. ते नसलं की मग तुमचं कडबोळं मलाही मान्य.

सवाल: मी शास्त्रीय गायन शिकते. क्लेझ्मरच्या धुना ऐकताना आधी भैरव वाटतो, मग उत्तरांगात एकदम भैरवी. सरांना विचारलं तर म्हणाले, त्यांचं त्यांना गाऊ दे, तू यमन घोट. हा कोणता राग आहे? आणि लग्नातलं संगीत असून क्लॅरिनेट रडल्यासारखं का? (सहकारनगर)

जबाब: यमन घोटच, त्यात सरांचं काही चुकलेलं नाही. पण तुझा कान तयार आहे. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद. खाली भैरव, वर भैरवी, म्हणजे आपला बसंतमुखारी. क्लेझ्मरवाले याला 'फ्रेगिश' म्हणतात, सिनेगॉगमध्ये 'अहावा राब्बा', आणि तुर्की-अरबी मंडळी त्याच्या जवळच्या स्वरांना 'हिजाज'.

स्वर तेच असले तरी चलन बसंतमुखारीचं नाही. तिथे अकॉर्डियन कॉर्ड धरून असतं आणि कोमल निषादावरच्या मायनर कॉर्डवरून षड्जावर उतरणं ही त्यांची ठरलेली समेची जागा. शिवाय धुनेच्या दुसऱ्या भागात मध्यमालाच षड्ज मानून सरळ मायनरमध्ये शिरतात आणि परत येतात. आपल्याकडे मूर्च्छना बदलली की गायक एक डोळा श्रोत्यांवर ठेवून दाद मागतो. ते बिचारे बसस्टॉप बदलावा तसं सहज करतात.

आणखी एक सप्तक ऐकून ठेव: शुद्ध रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, कोमल निषाद. कर्नाटक पद्धतीत याला हेमवती म्हणतील. 'दोइना' नावाचा प्रकार बऱ्याचदा यात असतो. दोइना रुमानियातल्या धनगरांकडून आलेली. तिला ताल नसतो, अकॉर्डियन किंवा त्सिम्ब्ल (हे संतूरच्या घराण्यातलं वाद्य) सूर धरून ठेवतं आणि क्लॅरिनेट किंवा व्हायोलिन मोकळं फिरतं. पाहुणे जेवायला बसले की ऐकवायची. नंतर लंगडत चालणारी संथ तीन मात्रांची होरा, आणि मग एकदम नाच. आपल्या मैफिलीचा क्रम ज्याच्या अंगात आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

रडण्याबद्दल. त्या हुंदक्याला 'क्रेख्त्स' म्हणतात. स्वर सोडताना वरच्या स्वराला जेमतेम शिवायचं आणि घसा आवळल्यासारखा आवाज तिथेच तोडायचा. कणस्वराच्या जवळचं, पण कण सुंदर दिसायला लावतात आणि हा जाणूनबुजून ओबडधोबड ठेवतात. लिहून शिकता येत नाही. नफ्तुले ब्रँडवाइन आणि डेव्ह तारास या दोघांच्या न्यूयॉर्कमध्ये झालेल्या 1920 च्या दशकातल्या रेकॉर्डी ऐक. दोघंही पूर्व युरोपातून स्थलांतर करून गेलेले. पहिला बेफाम, दुसरा नेटका. मला पहिला आवडतो.

आणि लग्नात रडायचं का, तर ते कामच असायचं. विधीच्या आधी नवरीला खुर्चीवर बसवत आणि 'बाद्खन' म्हणजे लग्नातला विदूषक-शाहीर, जुळवलेल्या ओळी म्हणून तिला रडवत असे. आईबापाचं घर सुटतंय, बालपण संपलं, वगैरे. मागे व्हायोलिन. रडून झालं की तोच माणूस दहा मिनिटांत सगळ्या मांडवाला हसवायचा. आजच्या कॅबरे बँडमध्ये निवेदन करणारा जो चावट बुवा असतो, त्याच्या अंगात मला तो बाद्खन दिसतो.

एवढंच लक्षात ठेव की हे संगीत सलग चालत आलेलं नाही. नाझींनी ती गावंच पुसून टाकली. अमेरिकेत गेलेल्यांच्या मुलांना आईबापांची ही धून गावंढळ वाटायची. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत 'द क्लेझ्मोरिम' नावाच्या ताफ्यानं जुन्या तबकड्या ऐकून ती पुन्हा वाजवायला घेतली, आणि तिथून पुढची लाट. म्हणून आज ऐकू येणाऱ्या कित्येक हरकती गुरूकडून आलेल्या नाहीत, तबकडीवरून उचललेल्या आहेत. भारतातल्या गुरु-शिष्य परंपरेवर भाषण करणाऱ्यांना हे सांगून बघ, मजा येते.

सवाल: मी तबला वाजवतो. बाल्कन गाण्यांत सात मात्रा आहेत हे कळतं, पण रूपक धरला की तिसऱ्या आवर्तनाला मी कुठेतरी आणि ते कुठेतरी. चूक कुणाची? (कसबा पेठ)

जबाब: रूपकाची. सात मात्रा दोन तऱ्हांनी येतात. मॅसेडोनियातला 'लेस्नोतो' तीन-दोन-दोन असा असतो, तिथे तुमचा रूपक चालेल. बल्गेरियातली 'राचेनित्सा' मात्र दोन-दोन-तीन. तुम्ही बहुतेक तिच्यावर रूपक लावताय. उपाय घरचाच आहे: चौथ्या मात्रेपासून उठा. धी ना, धी ना, तीं तीं ना. झालं.

झालं म्हणजे अर्धं झालं. कारण रूपकात समेवर खाली आहे आणि त्यांच्या पहिल्या ठोक्यावर सगळ्यात जास्त वजन. ते 'तापान' वाजवतात, दोन तोंडांचा मोठा ढोल, एका बाजूला जाड टिपरू आणि दुसऱ्या बाजूला बारीक छडी. जाड टिपरू पहिल्यावर पडतं म्हणजे पडतंच. तेव्हा तीं विसरून जा आणि डग्ग्यावर घुमवा.

दुसरं, राचेनित्सा इतकी जलद जाते की सात मोजायला तोंडाला सवड मिळत नाही. तिथले लोक सात मोजतच नाहीत. त्यांच्या पायांना तीन पावलं माहीत असतात: आखूड, आखूड, लांब. अकरा मात्रांची 'कोपानित्सा' आली की आखूड, आखूड, लांब, आखूड, आखूड. नाचणाऱ्या म्हाताऱ्या बायका हे गप्पा मारत करतात. हंगेरीच्या बेला बार्टोक या संगीतकारानं या तालांना 'बल्गेरियन ताल' असं नाव देऊन ठेवलं आणि युरोपभरच्या वादकांना घाम फुटला. आपल्याला झपताल, रूपक, दीपचंदी अंगवळणी पडलेले असल्यामुळे निम्मं काम सोपं. फक्त टाळी-खालीचा हिशेब घरी ठेवून जा. आणि उभं राहून, पाय आपटून सराव करा. खाली राहणाऱ्यांना आधी कल्पना द्या.

सवाल: लष्कर भागातल्या लाल देवळात (म्हणजे सिनेगॉगमध्ये) जाणारे ज्यू आणि रास्ता पेठेतले बेने इस्रायल हेच संगीत गातात का? मग पुण्यातच मिळेल की! (रास्ता पेठ)

जबाब: नाही. क्लेझ्मर हे यिद्दिश बोलणाऱ्या, पूर्व युरोपातल्या ज्यूंचं. लाल देऊळ डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 1860 च्या दशकात उभं राहिलं ते बगदादी ज्यूंसाठी, त्यांची परंपरा अरबी मुलखातली. आणि बेने इस्रायल तर आपल्या कोकणातले, मराठी बोलणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली' म्हणवले जाणारे. त्यांनी काय केलं ठाऊक आहे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली आणि बुवांच्या थाटात उभं राहून केली. मोझेस आणि डेव्हिडची आख्यानं, मराठी पदांत. पुण्यातल्या कुणाला असा नाटकी बँड काढायचाच असेल तर त्यानं यिद्दिशची उसनवारी करण्याआधी हा खजिना धुंडाळावा. मला कुणी बोलावलं तर पायपेटी घेऊन येईन.

सवाल: अशा बँडचा कार्यक्रम मुंबईत होणार असं ऐकलं. सासूबाईंना गाण्याची आवड आहे, पण 'कॅबरे' म्हटल्यावर घरात शांतता पसरली. नेऊ का? (प्रभात रोड)

जबाब: न्या हो वहिनी. आपल्याकडे सिनेमानं तो शब्द पिसं आणि झिरझिरीत कपड्यांपुरता ठेवला. पॅरिसमध्ये 1881 साली 'शा न्वार' नावाचं कॅबरे निघालं तेव्हा तिथे कवी कविता वाचायचे, गायक सरकारची टवाळी करायचे आणि सावल्यांचे खेळ व्हायचे. पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमध्ये ते आणखी बोचरं झालं. गाण्यांत मरण असतं, फसवणूक असते, चावटपणा असतोच. पण सासूबाईंनी तमाशातली गवळण आणि मावशी पाहिली असेल तर त्यांना धक्का बसण्याजोगं काही नाही. फार तर तुम्हालाच त्यांच्या शेजारी बसून अवघडल्यासारखं होईल. त्याला माझा इलाज नाही. कानात घालायला कापूस न्या, ट्रम्पेटच्या सरळ रेषेत बसू नका.

सवाल: आम्ही फिरोदिया करंडकासाठी एकांकिका बसवतोय. एका सर्कशीची गोष्ट आहे. बँड रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवणारा हवाय, अगदी तुम्ही लिहिलंय तसा. ऑपेरा गायिका नाही, ट्युबा नाही, पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू? (कॉलेजचा एक ग्रुप)

जबाब: पोरांनो, फिरोदियात जितक्या जास्त कला तितकं बरं या समजुतीनं मुलं भिंत रंगवणाऱ्यापासून बासरीवाल्यापर्यंत सगळ्यांना रंगमंचावर चढवतात, आणि गोष्ट विंगेत राहते. तुमच्याकडे सर्कस आहे, म्हणजे बँड तिथे का आहे हे सांगावं लागणार नाही. हा मोठा फायदा. तो वाया घालवू नका.

वादक. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम वाजवणारे लोक पुण्यात भरपूर आहेत, तुम्ही त्यांना फक्त वरातीत पाहता. विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड ऐकलाय ना? हिंदुस्थानी रागातली पदं ब्रासवर कशी वाजतात ते तिथे उभं राहून नीट ऐका. बाल्कनचा ब्रास बँडसुद्धा असाच लष्करातून लग्नात आला. तिथे तुर्की आणि ऑस्ट्रियन फौजांचा, इथे इंग्रजांचा. सर्बियात गुचा नावाच्या गावात 1961 पासून दर वर्षी ट्रम्पेटवाल्यांची जत्रा भरते. तिथले वादक आणि आपले बँडवाले यांची एकमेकांशी ओळख करून दिली तर तासाभरात एकत्र वाजवायला लागतील असं मला नेहमी वाटतं.

तर एक क्लॅरिनेट आणि एक युफोनियम पेठेतल्या बँडमधून आणा. ट्युबाचं काम युफोनियम चालवून नेईल. तालमी लावण्याआधी पंचांग उघडा आणि लग्नाच्या तिथी बघा, नाहीतर ऐन रंगीत तालमीला तुमचा क्लॅरिनेटवाला घोड्यापुढे असेल. मानधन ठरवा आणि वेळेवर द्या. 'एक्स्पोजर मिळेल काका' असं त्यांच्यापुढे म्हणू नका. त्यांना रोज रस्त्यावर हजार माणसं बघतात.

पट्टी. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. बँडमधले क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही काळी पाचची (पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरणारी) वाद्यं. तुमची गायिका पांढरी दोनमध्ये गाणार आणि गिटारवालाही तिथेच सुखी, पण क्लॅरिनेटवाल्याची बोटं गुंतणार. काळी पाच, पांढरी चार किंवा काळी दोन यांत चाल बांधा, सगळ्यांना बरं पडेल. गिटारवाल्यानं कॅपो (पट्टी चढवायचा चिमटा) लावावा, त्यासाठीच तो असतो.

ऑपेरा. गायिका नसेल तर ऑपेराची नक्कल करू नका. आवाज हलवत 'आ-आ-आ' केलं की प्रेक्षक हसतात आणि मग पुढचं काही गंभीर घेत नाहीत. ऑपेराचा आवाज माईकशिवाय वाद्यवृंदावरून पलीकडे जातो त्यामागे शरीरशास्त्र आहे. वाद्यवृंदाचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या आसपास असतो. तयार गायक, विशेषतः पुरुष गायक, घशाच्या ठेवणीतून 3000 हर्ट्झच्या जवळपास जास्तीची ताकद गोळा करतात, आणि तिथे वाद्यं आधीच क्षीण झालेली असतात. हे वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं येतं, तुमच्याकडे दीड महिना आहे. त्यापेक्षा नाट्यसंगीत शिकलेली मुलगी शोधा. माईक यायच्या आधी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा गळा तयार करायची विद्या आपल्याकडेही होती, आणि तिचा अंश अजून क्लासांमधून शिल्लक आहे. सर्कशीतल्या मालकिणीला नाट्यपदाच्या थाटात गाऊ द्या आणि मागे क्लॅरिनेटला फ्रेगिशमध्ये रडू द्या. परदेशातल्या बँडला हे करता येणार नाही.

बँडला कोपऱ्यात बसवू नका, पण ब्रास मागे ठेवा. अकॉर्डियनवाला एकटा असा आहे की ज्याला चालता येतं, नाचता येतं आणि वाजवताना बोलताही येतं, त्याला पात्र करा. आणि ढोल-ताशा पथकातल्या मित्रांना, कितीही हट्ट केला तरी, बंद नाट्यगृहात आणू नका.

सवाल: माळ्यावर आजोबांचं अकॉर्डियन सापडलं. त्यांनी ते साठच्या दशकात घेतलेलं. तुमचा लेख वाचून वाजवावंसं वाटतंय. दुरुस्त होईल? की पेटीच शिकू? (बिबवेवाडी)

जबाब: पुण्यात अकॉर्डियन म्हटलं की इनॉक डॅनियल्स यांचं नाव निघतं. त्यांचं वादन ऐकून त्या काळी बऱ्याच आजोबांनी ते विकत घेतलं असावं असा माझा कयास आहे. पेटी शिकायची तर खुशाल शिका, पण या संगीतात ती अकॉर्डियनची जागा घेणार नाही. डाव्या हाताची बटणं म्हणजे ढोल आणि बासवाला दोघांचं काम, आणि पेटीत तो हात भात्याला जुंपलेला.

आधी भाता तपासा. पट्टा सोडा, उजवी बाजू वर धरा, एकही पट्टी किंवा बटण न दाबता डावी बाजू खाली सोडा. हळूहळू उतरली तर भाता शाबूत. धपकन आली तर गळतोय. मग भात्याच्या कडेच्या खिळ्या काढून एक बाजू वेगळी करा आणि आत बघा. सुरांच्या पट्ट्या मेण आणि राळेच्या मिश्रणानं बसवलेल्या असतात. माळ्यावरच्या एप्रिल-मेच्या उन्हानं ते मेण पातळ होऊन पट्ट्या सरकलेल्या असू शकतात. त्या पट्ट्यांवरच्या, आवाज काढणाऱ्या पोलादी जिभांवर पावसाळ्यांचा गंज असेल आणि त्यांच्यावरची चामड्याची पातळ झाकणं वाळून वळलेली असतील. कुणीही सांगितलं तरी तेल सोडू नका, झाकणं कायमची चिकटतील.

पेटी दुरुस्त करणारे पेठांमध्ये उत्तम आहेत, पण अकॉर्डियन पूर्वी उघडलंय का, हे आधी विचारा. पेटीचे सूर पितळेचे. इथे पोलादी, आणि आतल्या एकेका सुराच्या पट्टीवर दोन जिभा, एक भाता उघडताना, एक मिटताना. शिवाय एका स्वराला दोन-तीन सूर एकदम वाजतात आणि ते मुद्दाम किंचित बेसूर ठेवलेले असतात, त्यातूनच तो थरथरता आवाज येतो. पेटीच्या कारागिराचा कान इतका प्रामाणिक असतो की तो ते सूर 'मिळवून' देतो, आणि पैसे घेऊन वर तुमच्या आजोबांच्या कानाला नावं ठेवतो. त्याला हे आधी सांगा, जमल्यास कागदावर लिहून द्या.

दुरुस्त झालं की आडवं ठेवू नका. छातीवर जसं असतं तसं उभं, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि माळ्यावर तर मुळीच नाही. 41 पट्ट्या आणि 120 बटणांचं असेल तर वजन दहा किलोच्या आसपास भरेल. खांद्याचे पट्टे नवे करून घ्या, जुनं चामडं दिसायला धड असलं तरी बकलाजवळ तुटतं. पहिले काही महिने खुर्चीवर बसूनच वाजवा.